हद्दीच्या दगडाखालची मुंगी

आधी दिवस नोंदवतो, मग माणसे.

आठ वर्षांपूर्वी, मृग लागल्यानंतरचा पहिला सोमवार. माझा चुलतभाऊ सोपानदादा याला मी शेताच्या हद्दीबाबत रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. जबाबदार: मी.

त्याच आठवड्यातला शुक्रवार. ती नोटीस गावातल्या चहाच्या हॉटेलात मोठ्याने वाचली गेली आणि बाकांवरची माणसे हसली. जबाबदार: वाचणारा, हसणारे, आणि ज्याने ती माणसाला समजेल अशा भाषेत लिहिली नाही तो; म्हणजे पुन्हा मी.

दोन वर्षांपूर्वी, पुनर्वसू नक्षत्र. आमच्या दोघांच्या शेतांमधल्या बांधावरचा हद्दीचा दगड जागेवर आहे की सरकला आहे, हे ठरवण्यासाठी मोजणीचा अर्ज दाखल झाला. जबाबदार: अर्जदार. त्याचा उल्लेख वर दोनदा आलेला आहे.

त्याच वर्षी, चित्रा नक्षत्राचा तिसरा दिवस, सकाळ. तो दगड पहारीने उपटला गेला आणि त्याच्या बुडाशी असलेले एक घर उघडे पडले. जबाबदार: मोजणीदार नव्हे, त्याने नियमाप्रमाणे विचारले होते. पहार धरणारा नव्हे. तो रोजाने आलेला होता. जबाबदार ती दोन माणसे, जी विचारल्यावर गप्प राहिली. त्यांपैकी एक हा मजकूर लिहीत आहे. दुसरा अंबाजोगाईला मुलीकडे राहतो, आणि त्याने आजतागायत उत्तर दिलेले नाही.

एकतीस वर्षे मी तालुक्याच्या न्यायालयात लिपिक होतो. तक्रारीत घटना लिहाव्यात, भावना लिहू नयेत, असे मी कित्येक पक्षकारांना बजावले आहे. घटना लिहून झाल्या. यापुढचा मजकूर कोणत्याही अर्जाच्या नमुन्यात बसत नाही. मी प्रयत्न करून पाहिला आहे.

उत्तरा नक्षत्र अर्धे सरले आहे. पाऊस थांबून दोन दिवस झाले की चकलांब्याकडच्या आमच्या काळ्या रानात एक वास उठतो. तापू लागलेल्या चिखलाचा, तरोट्याच्या उग्र पानांचा, बांधावर कुजत चाललेल्या गवताचा. कपाशीला बोंडे धरलेली असतात, तूर छातीला लागते आणि माणूस दोन तासांच्या वर दिसेनासा झाला तरी कोणाच्या लक्षात येत नाही, कारण पिकांनीच सगळे झाकलेले असते. हा वास आला की मी कागदपत्रांची पिशवी खुंटीवरून काढतो आणि पुन्हा जागेवर ठेवतो. तिच्यात आता चालू प्रकरण एकही नाही. मुलगा पुण्याला आहे, पत्नीला जाऊन बरीच वर्षे झाली. ज्याच्याविरुद्ध लिहावे असा माणूसही गावात उरलेला नाही. भांडणाला दुसरा माणूस लागतो, ही साधी गोष्ट मला निवृत्तीनंतर कळली.

तो हंगाम सहा वर्षांच्या अबोल्यानंतरचा होता. अबोला आमच्याकडे नीट पाळला जातो. ज्याच्याशी बोलायचे नाही त्याच्या दारावरून जाताना मान वळवायची नाही, त्याच्या लग्नकार्याला आहेर पाठवायचा पण जेवायला बसायचे नाही, आणि काही सांगणे अगदीच भाग पडले तर ते तिसऱ्याला उद्देशून सांगायचे. तिसरा म्हणजे कोणीही चालतो. पोर, बैल, उंबरा. मोजणीचा अर्ज दाखल केल्यावर मला धास्ती पडली, की तारीख लागेपर्यंत सोपानदादा दगड हलवील. त्यालाही माझ्याविषयी हीच खात्री होती. परिणामी मी सकाळी घडीची खुर्ची, छत्री आणि एक वही घेऊन दगडाच्या अलीकडे बसू लागलो. तो गोणपाट अंथरून पलीकडे बसू लागला. त्याच्याबरोबर चंद्री नावाची शेळी असे. आमच्यात अंतर होते पाच हात, आणि मधोमध तो ओबडधोबड काळा दगड.

पहिले दोन दिवस केवळ पावसाची भुरभुर ऐकण्यात गेले. तिसऱ्या दिवशी सोपानदादा बोलला. शेळीशी.

"चंद्रे, सांग त्यांना, खुर्ची मागं घ्या म्हनावं. पाय आमच्या तुरीत आल्यात."

माझ्याजवळ जनावर नव्हते. मी दगडाला उद्देशून म्हणालो, "दगडास कळावे की पाय तुरीत गेलेले नाहीत. तूर पायांवर वाकलेली आहे."

शेळी रवंथ करीत राहिली. सोपानदादाने विडी पेटवली आणि धूर मुद्दाम माझ्या बाजूला सोडला, असे मी त्या दिवशी वहीत नोंदवले. वारा कोणत्या दिशेचा होता हे मात्र नोंदवलेले नाही. आज ती नोंद वाचताना हा दोष चटकन दिसतो.

पुष्य नक्षत्रात उघडीप होती. सकाळी नऊच्या सुमारास, गवतावरचे पाणी सुकू लागल्यावर, दगडाच्या बुडाशी असलेल्या एका बारीक भोकातून ती बाहेर आली. मी तिला प्रथम काडी समजलो. मग त्या काडीने मान वळवून माझ्याकडे पाहिले.

मुंगी माणसाकडे पाहत नाही. मुंगीला आपण असलो काय आणि नसलो काय. ती वासाच्या रेषेवरून जाते. ही पाहत होती. करंगळीच्या पेराएवढी लांब, अंगाने सडपातळ, रंग विटकरी, मागचा भाग काळपट, आणि पाय मात्र भिजवलेल्या तूरडाळीसारखे पिवळसर. डोक्याच्या पुढच्या दोन कोपऱ्यांत काळे टपोरे डोळे. तोंडापुढे लांब, किंचित वर वळलेला चिमटा, सोनार ज्याने नथीतला मोती उचलतो तसा. मी छत्री हलवली. तिने डोके छत्रीबरोबर फिरवले. मी छत्री थांबवली, तीही थांबली. सहा वर्षांत माझी इतक्या लक्षपूर्वक कोणी दखल घेतली नव्हती.

ती पुढे निघाली ती थांबत थांबत. चार पावले, मग स्तब्ध. मिशा पुढे, डोळे समोर. ओल्या ढेकळावर नाकतोड्याचे एक पोपटी पिल्लू बसले होते. ती त्याच्यापासून चार बोटांवर थांबली, पाय अंगाखाली ओढले, आणि मग मधले अंतर नाहीसे झाले. पिल्लू तिच्या चिमट्यात होते, आणि ती मागचा भाग पोटाखाली वळवून त्याला डंख करीत होती. पिल्लाचे पाय दोनदा ताणले गेले आणि सैल पडले.

"चंद्रे," पलीकडून आवाज आला, "मुंगी उडाली का गं?"

"दगडास कळावे," मी म्हणालो, "की मुंगी उडालेली नाही. मुंगीने उडी मारली."

"उडीच म्हनतोय की. लई कायदा पाजळू नका म्हनावं."

तिला आमच्या गावात नाव नव्हते. त्या दिवसापासून तिचे नाव उडी पडले. ते कोणी ठेवले याबद्दल पुढे वाद होऊ शकतो, म्हणून नमूद करतो: नाव सोपानदादाने ठेवले.

त्यानंतरचे आठवडे मला दिवसांनी आठवत नाहीत. उन्हाने आणि सावलीने आठवतात. ऊन चढले की भोक रिकामे. सकाळी आणि उतरत्या उन्हात एकेक उडी बाहेर पडे. एकेकच. हे मला प्रथम खटकले आणि मग त्याने मला पुरते धरून ठेवले. काळ्या मुंग्यांचे आपल्याला माहीत आहे; एकीला गुळाचा खडा सापडला की घटकाभरात रांग लागते, आणि त्या रांगेत कोण कुठली हे त्यांनाही माहीत नसावे. उडीच्या मागे रांग नव्हती आणि पुढेही नव्हती. ती एकटी निघे, एकटी शोधी, एकटी झेप घेई, आणि शिकार चिमट्यात उंच धरून एकटीच घरी येई. कोणाला बोलवायला जात नसे. एकाच घरातल्या दोघी वाटेत समोरासमोर आल्या तर मिशांना मिशा क्षणभर लावत आणि आपापल्या दिशेने चालू लागत. वाटेची खूण म्हणून जमिनीवर काही ठेवलेले दिसत नसे. ती बहुधा दगड, गवताचे ठोंब, माझ्या खुर्चीचा पाय हे सगळे डोळ्यांनी लक्षात ठेवीत असावी. एकदा मी खुर्ची दीड हात सरकवली, तर परतणारी उडी खुर्चीच्या जुन्या जागी येऊन गोंधळली. चिमट्यात कोळी होता. तिने दोन फेरे घातले.

"चंद्रे, खुर्ची व्हती तिथं ठिवा म्हनावं," सोपानदादा म्हणाला. "दुसऱ्याची वाट मोडायची सवयच हाय काही मान्सांना."

मी खुर्ची उचलून पूर्ववत ठेवली. 

तिची प्रत्येक झेप साधत नसे, हेही लिहिले पाहिजे. कित्येकदा ती चुके. माशी निघून जाई आणि उडी रिकाम्या ढेकळावर आपटे, कुशीवर पडे. मग उठून मिशा पुसत बसे, चष्म्याची काच पुसावी तशी. बघणारे कोणी नसल्यामुळे तिला लाज नव्हती. म्हणजे आम्ही दोघे बघत होतो, पण आम्ही तिच्या जातीचे नव्हतो. आपल्या माणसांसमोर पडल्यावर उठणे किती अवघड असते, याचा विचार मी त्या काळात बराच केला. हॉटेलात माझी नोटीस वाचली गेली तेव्हा सोपानदादा तिथेच बसलेला होता. त्याचे शिक्षण दुसरीपर्यंत. पाकीट आले ते त्यानेच विश्वासाने एकाच्या हातात दिले, की बाबा, काय म्हणतो माझा भाऊ, वाच. 'आपणांस याद्वारे सूचित करण्यात येते' अशी सुरुवात होती. भावाला 'आपणांस' म्हटले यावर पहिला हशा झाला, असे मला मागाहून कळले. त्याच्या घरापासून माझे घर साठ पावलांवर आहे. मी चालत गेलो असतो, तर पोस्टाच्या तिकिटाचीही गरज नव्हती.

सोपानदादाने एकदा गूळ आणि भाकरीचा कुस्करा भोकापाशी ठेवला. काळ्या मुंग्या आल्या, रांग लागली. उडी बाहेर आली आणि गुळाकडे पाहून बाजूने निघून गेली.

"फुकटचं खात न्हाई बाई ही," सोपानदादा शेळीला म्हणाला. "कोरटात नोकरी केलेली दिसत न्हाई."

मी एकतीस वर्षांत कोणाचा चहाही घेतला नव्हता. हे मला दगडाला उद्देशून सांगता आले असते. पण त्याच वेळी उडीने कपाशीच्या पानावरून खाली झेप घेतली, आणि आम्ही दोघेही इतके पुढे वाकलो की आमची डोकी एकमेकांना लागली. त्याचा फेटा माझ्या चष्म्यावर घासला. तंबाखू आणि ओल्या घोंगडीचा वास. लहानपणी एका घोंगडीत झोपत असू, त्यानंतर तो वास मला इतक्या जवळून पहिल्यांदाच आला. दोघांनीही डोकी मागे घेतली. तो दिवस वहीत कोरा आहे.

माझा स्वभाव मला स्वस्थ बसू देत नाही. मी एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिकाबाईंना पत्र लिहिले. वर्णन, मापे, येण्याजाण्याच्या वेळा, सर्व मुद्देसूद. ही बातमी बांधावर माझ्या आधी पोचली होती.

"चंद्रे, मुंगीलाबी नोटीस गेली बघ," सोपानदादा म्हणाला. "आता ती काय वकील लावतीय."

बाईंनी उत्तर पाठवले. सुवाच्य अक्षर, दोन पाने. वर्णनावरून ही उडी मारणारी मुंगी दिसते. ती दृष्टीवर शिकार करते, एकटी हिंडते, भक्ष्य मारण्याऐवजी डंखाने लुळे करून जिवंत घरी नेते, म्हणजे पिलांना ते ताजे मिळते. मात्र प्रत्यक्ष नमुना पाहिल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही. शक्य झाल्यास एक मुंगी स्पिरिटमध्ये घालून पाठवावी. मी पत्र मोठ्याने वाचले. दगडाला.

सोपानदादाने विडी ढेकळावर विझवली. मग म्हणाला, "कावून? मारून धाडायची? मग ती मेलेली काय सांगनार हाय त्यांना?"

हे वाक्य त्याने शेळीचे नाव न घेता उच्चारले. शेळी त्या वेळी दूर चरत होती. ते कोणाला उद्देशून होते हे मी तेव्हा ठरवू शकलो नाही. मी जन्मभर पुराव्यावाचून एक शब्द मान्य केलेला नाही. तरी त्या संध्याकाळी मी बाईंना कळवले, की नमुना उपलब्ध होऊ शकत नाही. माझ्या हातून लिहून गेलेले हे एकमेव खोटे विधान आहे, आणि मी ते मागे घेत नाही.

मघा नक्षत्रात झोडपून पाऊस झाला. ओढा बांधाला लागला. पहाटे फटफटताच मी गुडघाभर चिखलातून दगडापाशी गेलो, तर सोपानदादा आधीच तिथे उकिडवा बसलेला. फेट्याऐवजी डोक्यावर खताची रिकामी गोणी.

मी दगडाला म्हणालो, "छत्री विसरली होती."

छत्री माझ्या हातात होती.

तो मातीला म्हणाला, "मी आपलं शेळी बघाया आलतो."

शेळी त्याच्या गोठ्यात होती. मग आम्ही थांबलो. पाणी ओसरत गेले, दगडाचे बूड उघडे पडले, भोक गाळाने बुजलेले. सूर्य वर आला. बराच वेळ काही नाही. सोपानदादा विडी पेटवायचा आणि ती विझायची, ओल्या काड्यांनी पुन्हा पेटवायचा. शेवटी गाळाचा एक कण हलला. मग दुसरा. चिमटा बाहेर आला, त्याच्यामागून ते दोन काळे डोळे. तिने चिखलाची गोळी बाहेर टाकली आणि आत गेली, पुन्हा आली, पुन्हा टाकली. आत कोरडे राहील असे काही तरी तिने बांधलेले असणार. सोपानदादाने धूर सोडला आणि तो माझ्या बाजूला आला नाही, असे मी वहीत नोंदवले.

आता मुख्य मुद्दा.

त्या सकाळनंतर मोजणी आम्हा दोघांनाही नको होती. दगड कुठे आहे याला महत्त्व उरले नव्हते. तो तिथे राहावा एवढेच होते. परंतु अर्ज दाखल होता, आणि आमच्या गावात अर्ज मागे घेणारा हरला असे धरतात. तो हॉटेलात हरतो, सोसायटीत हरतो, बायकांच्या पाणवठ्यावर हरतो. मी अर्ज मागे घेण्याचा कागद तयार केला. चार ओळी. 'उभय पक्षांच्या संमतीने' असे शब्द घातले, म्हणजे कोणी एक हरणार नाही. खाली दोन सह्यांची जागा सोडली. तो कागद मी सबंध पूर्वा आणि उत्तरा नक्षत्रात खिशात घेऊन बसलो. त्याने विचारावे, मग मी काढावा. मी दगडाला सांगितले, की संमती असल्यास कागद तयार आहे.

तो शेळीला म्हणाला, "चंद्रे, कागद कशाला लागतोय? एकदा तोंडानं म्हनलं, की झालं."

मला कागदावर सही हवी होती. त्याला माझ्या तोंडचा शब्द हवा होता, तोही त्याच्याकडे बघून. त्याची सही मागण्यात मी त्याला पुन्हा तीच नोटीस देत होतो, हे मला कळले नाही. शब्द मागण्यात तो माझ्याकडून तीच एक गोष्ट मागत होता जी मला येत नव्हती, हे त्याला कळले नाही. हस्ताचा पाऊस आला आणि गेला. कपाशी फुटू लागली. ऊसतोडीला जाणारी घरे सामान बांधू लागली. आम्ही बसून राहिलो. उडी आत-बाहेर करीत राहिली.

चित्राच्या तिसऱ्या दिवशी मोजणीदार आला. सभ्य माणूस. तिपाईवर यंत्र लावून त्याने दोन तास काम केले आणि सांगितले, "दगड जागेवरच आहे. एक बोटाचाही फरक नाही." म्हणजे कोणीच काही सरकवले नव्हते, कधीच. मग त्याने नियम सांगितला: जुना दगड काढून तिथे सिमेंटचा खांब बसवावा लागेल, दोन फूट खोल. खड्डा घेण्यापूर्वी त्याने कागदावरून डोके वर केले आणि विचारले, "कोणाची काही हरकत आहे का? असेल तर आत्ता सांगा, मी थांबतो."

मी सोपानदादाकडे पाहिले. तो माझ्याकडे पाहत होता. सहा वर्षांत आमची नजर प्रथमच भिडली आणि ठरली. माझा हात खिशातल्या कागदावर होता. त्याचे ओठ उघडलेले होते. मी त्याच्या शब्दाची वाट पाहिली. तो माझ्या शब्दाची वाट पाहत असावा. मोजणीदाराने सभ्यपणे आणखी थोडे थांबून पाहिले आणि मजुराला खूण केली.

पहार घातल्यावर दगड सहज उचकटला. खाली मातीत एक घुमटाकार पोकळी होती, आतून कशाने तरी मऊसर अस्तर लावलेली, आणि तीत पिवळट कोष रचून ठेवलेले. उड्या बाहेर आल्या. त्या वेळी प्रथम मी त्यांना एकत्र पाहिले. सगळ्या एकदम झेपावत होत्या, दिशा नसताना, एकमेकींवर आपटत, भुईवरून वर आणि पुन्हा भुईवर. मजुराला डंख झाला, तो ओरडून मागे सरला आणि त्याने खोऱ्याने माती ओढली. काही जणी चिमट्यात कोष धरून कपाशीत शिरल्या. प्रत्येक जणी वेगळ्या सरीने. मग सिमेंट ओतले गेले.

सोपानदादा गोणपाट झटकून उठला. "चल," तो शेळीला म्हणाला. "न्हाई आता काम इथं."

दिवाळीनंतर त्याने रान बटईने, म्हणजे दुसऱ्याला वाट्याने कसायला दिले, शेळी विकली आणि मुलीकडे गेला. मी एका कार्यालयाला लिहिले, की हद्दीचा दगड काढताना त्याखाली जीव राहत असल्यास काय करावे याचा नियम आहे काय. उत्तर आले, की सदर बाब या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही. मी दुसऱ्या कार्यालयाला लिहिले. मग तिसऱ्याला. सात पत्रांनंतर लक्षात आले, की मी सगळी पत्रे चुकीच्या पत्त्यांवर पाठवत होतो. योग्य पत्ता अंबाजोगाईचा होता, पण तिथे पत्र पाठवून उपयोग नव्हता. तिथे ते पुन्हा कोणाकडून तरी वाचून घेतले गेले असते.

मागच्या उन्हाळ्यात मी अंबाजोगाईला जायला निघालो. मांजरसुंब्याला गाडी बदलावी लागते. फाट्यावर उतरलो, चहा घेतला. समोर कपिलधारला जाणारी माणसे जीपमध्ये बसत होती. पोरे होतो तेव्हा आम्हीही गेलो होतो. धबधब्याखाली शेवाळावरून माझा पाय सटकला आणि सोपानदादाने दंड धरून ओढले. वर काढून एक चापट मारली. "इश्या," तो ओरडला होता, "मेला असतास की बे." मला विश्वनाथ म्हणणारे पुष्कळ झाले, साहेब म्हणणारेही झाले. इश्या म्हणणारा तो एकटा होता. केजमार्गे अंबाजोगाईला जाणारी गाडी लागली, भरली, गेली. दुसरीही गेली. गेल्यावर पहिले वाक्य काय बोलायचे हे मी रस्ताभर जुळवले होते, आणि ते 'आपणांस' या शब्दाने सुरू होत होते. मी परतीच्या गाडीत बसलो.

परवा, उघडीप पाहून, मी बांधावर गेलो. सिमेंटच्या खांबावरचा रंग उडू लागला आहे. तिथे काही नाही. परंतु खांबापासून दहा-बारा पावलांवर, बोरीच्या झुडपाखाली, ढेकळाच्या आडोशाला एक बारीक भोक दिसले. मी उभा राहिलो. पाय भरून आले. मग ती बाहेर आली. तोच चिमटा, तेच पिवळसर पाय. तिने डोके वळवून माझ्याकडे पाहिले, खात्री करून घेतली आणि आपल्या कामाला निघाली, चार पावले आणि थांबा, चार पावले आणि थांबा. पुढे एका कोळ्यावर झेप घेतली. साधली.

"पाहिलंत का?" मी मोठ्याने म्हणालो. कपाशी हलली. पलीकडचे रान बटईवाल्याचे आहे आणि तो तिथे नव्हता. उडीला एकटे असण्याचा त्रास होत नसावा. तिची तशी घडणच आहे, ती शिकार घेऊन परत जाते तेव्हा आत कोणी तरी असते. मी शिकार न करता घरी आलो आणि कुलूप काढले.

म्हणून, सोपान, माझा मोठा चुलतभाऊ, सध्या मुक्काम अंबाजोगाई, यास या लेखाद्वारे जाहीरपणे विचारण्यात येत आहे: मोजणीदाराने हरकत विचारली तेव्हा तुझे ओठ उघडले होते. तू काय म्हणणार होतास? मी काय म्हणणार होतो ते मी इथे सर्वांसमक्ष सांगतो. 'थांबवा' म्हणणार होतो, आणि म्हणालो नाही, आणि नोटिशीपासून आजवरचा सगळा दोष मी माझ्या नावावर घेतो. तुझ्या वाट्याचा तेवढा एकच प्रश्न उरतो. त्याचे उत्तर तू दसऱ्याच्या आत, गावच्या माणसांदेखत, बांधावर उभा राहून, माझ्याकडे तोंड करून, मला इश्या म्हणून द्यावेस.

लेखी उत्तर स्वीकारले जाणार नाही.